घाटात दम सोडणारी जुनी ट्रॅव्हलर: हाफ इंजिन करण्याआधी काय तपासायचं

भाऊ, तुमची अडचण मी आधी माझ्या शब्दांत मांडतो. माझी समजूत कुठे चुकत असेल तर लगेच सांगा. 2003 मॉडेलची टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. आतल्या सीटा काढून पलंग, ओटा, गॅस आणि पाण्याची टाकी बसवली. परळी, औंढा, वेरूळ ही तिन्ही ज्योतिर्लिंगं आई-वडिलांना निवांत करून आणायची, हा हेतू. सपाटीला गाडी बरी पळते. तास-पाऊण तास चालली की चढाला दम सोडते. परळीहून अंबाजोगाईला चढताना तेच झालं, आणि वेरूळहून परतताना बीड सोडल्यावर मांजरसुंब्याच्या घाटात तर दुसऱ्या गिअरवर आली, पाय पूर्ण दाबला तरी उठेना. पंधरा-वीस मिनिटं कडेला उभी केली की पुन्हा चालते. सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो. धूर फारसा नाही. घाटात टेंपरेचरचा काटा थोडा वर सरकतो, पण लालपर्यंत जात नाही. डिझेल फिल्टर बदलल्यावर काही दिवस गाडी बरी वाटली आणि परत पहिले पाढे पंचावन्न. एका गॅरेजवाल्याने इंजिनाला दाबाने डिझेल देणारा पंप उतरवायला सांगितलं, दुसऱ्याने हाफ इंजिन बांधायला, म्हणजे इंजिन उघडून रिंगा वगैरे आतले घासलेले भाग बदलायला. आता कुणाचं ऐकू, असा तुमचा प्रश्न आहे.

आत्ता तरी दोघांचंही ऐकू नका. पिस्टनच्या रिंगा घासलेलं इंजिन वीस मिनिटं सावलीत उभं राहून सुधारत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा दाबली जाण्याची ताकद, गेलं असेल तर ते सकाळीही गेलेलं असतं, संध्याकाळीही, आणि सपाटीलाही जाणवतं. तुमची गाडी ठरावीक वेळाने अडते, थांबली की बरी होते, आणि फिल्टर बदलल्यावर काही काळ सुधारली होती. ही तिन्ही लक्षणं एकत्र पाहिली की माझं लक्ष इंजिनाच्या आत जात नाही, डिझेलच्या टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेकडे जातं. खरा प्रश्न "इंजिन बसलंय का" हा नाहीच. "इंजिनाला भार पडल्यावर पुरेसं डिझेल पोचतंय का" हा आहे.

एक गोष्ट मात्र आधी पक्की करा. मी पुढे जे सांगतोय ते जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला धरून आहे. आपल्याकडे ट्रॅव्हलर 1987 पासून आली ती मर्सिडीजच्या ओएम 616 या इंजिनावर. 2399 सीसी, चार सिलिंडर, हीटर प्लगवालं प्री-चेंबर इंजिन, म्हणजे डिझेल आधी एका छोट्या खोलीत पेटतं आणि सुरू करताना ती खोली हीटर प्लगने तापवावी लागते. पण इतक्या वर्षांत गाडी चार हातांतून फिरलेली असते आणि एखाद्याने मधेच इंजिन बदललेलं असतं. तेव्हा कव्हर उघडून इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. कॉमन रेलचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं नव्या पद्धतीचं इंजिन निघालं तर तिथं स्कॅनर लावावा लागतो, आणि त्याच्या प्रेशरच्या पाइपांना पाना अजिबात लावायचा नाही. तिथला दाब माणसाच्या जिवावर बेतू शकतो.

आता धुराबद्दल, कारण तुम्ही "धूर फारसा नाही" हे एका ओळीत उरकलंय आणि माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात मोलाची माहिती आहे. डिझेल इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: हवा, ती दाबून तापवण्याइतकं कॉम्प्रेशन आणि वेळेवर पुरेसं डिझेल. डिझेल पुरेसं आणि हवा कमी, किंवा नोझल, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणारं तोंड, नीट फवारा न मारता गळतंय, तर गाडी ताकद सोडते आणि मागे काळा धूर काढते. ऑइल जळत असेल तर धूर निळसर येतो. कच्चं डिझेल न जळता बाहेर पडलं तर पांढरा, डोळ्याला झोंबणारा. आणि डिझेलच कमी पोचत असेल तर जाळायलाच काही नसतं, म्हणून गाडी गुपचूप ताकद सोडते. चढाला, पाय पूर्ण दाबलेला असताना, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणताना मागे धूर दिसतो का, हे आतून कळत नाही. आरशात बघून अंदाज करू नका. मागून मोटरसायकलवर कुणालातरी यायला सांगा. धूर नाही असं त्याने छातीठोकपणे सांगितलं, तर निम्म्याहून जास्त शक्यता तिथंच गळून पडतात.

पंपवाल्याचं म्हणणं मला याच कारणासाठी पटत नाही. पंप खराब असूही शकतो. पण पंपाच्या तोंडापाशी पुरेसं, स्वच्छ, बिनहवेचं डिझेल येतंय हे सिद्ध केल्याशिवाय पंप उतरवणं म्हणजे नळाला पाणी येत नाही म्हणून तोटी बदलण्यासारखं आहे. वर टाकी रिकामी असेल तर नवी तोटीही कोरडीच.

या वाटेवर बिघडण्याच्या जागा कोणत्या, आणि तुमच्या गाडीत त्या जास्त का संभवतात, ते सांगतो. राहण्यासाठी केलेली गाडी रोजच्या वडापच्या गाडीसारखी झिजत नाही, ती उभी राहून बिघडते. चार-सहा महिने दारात उभी, मग एकदम चारशे-पाचशे किलोमीटर. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली की आतल्या हवेतला दमटपणा पत्र्याला धरतो, थेंब होऊन खाली उतरतो आणि डिझेलखाली पाणी साचतं. पाणी आणि डिझेल जिथं टेकतात तिथं जंतू वाढतात आणि काळपट, शेवाळासारखा बुळबुळीत गाळ तयार होतो. गाडी उभी असताना हा गाळ तळाशी निपचित असतो. गाडी हलली की तो ढवळतो आणि टाकीतल्या ओढपाइपाच्या टोकाच्या जाळीला जाऊन चिकटतो. सपाटीला इंजिन कमी डिझेल मागतं, तेवढं गळून येतं. घाटात मागणी वाढली की पुरत नाही. गाडी थांबली, ओढ थांबली, की गाळ जाळीवरून सुटून परत खाली बसतो. वीस मिनिटांनी तुम्हाला वाटतं इंजिन थंड झालं म्हणून गाडी चालली.

दुसरी जागा टाकीचा ब्रीदर, म्हणजे हवेची नळी. टाकीतून डिझेल जितकं कमी होतं तितकी हवा आत यायला हवी. ती वाट बंद झाली तर टाकीत ओढ तयार होते आणि फीड पंप, म्हणजे टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप, त्या ओढीविरुद्ध झगडत राहतो. गाडी उभी केली की कुठून तरी हळूहळू हवा शिरते आणि पुन्हा सगळं सुरळीत. म्हणजे थांबल्यावर बरी होण्याचं हे दुसरं कारण. तुमच्यासारख्या गाडीत ब्रीदर बंद होण्याच्या तीन वाटा मी नेहमी तपासतो. आतलं काम करताना खाली प्लायवूड ठोकलेलं असतं, त्याच्या स्क्रूखाली किंवा पट्टीखाली रबरी नळी दबलेली असते. डिझेल चोरीच्या भीतीने बाजारातलं कुलपाचं झाकण बसवलेलं असतं. मूळ झाकणातून हवा आत जायची सोय असेल आणि नव्यात ती नसेल, तर तिथंच घोळ. आणि तिसरी म्हणजे कुंभारीण माशी. उभ्या गाडीत तिला अशा बोटभर नळ्या फार आवडतात. आमच्याकडे बीडला आलेल्या एका गाडीची नळी काढून फरशीवर आपटली तेव्हा आतून वाळलेल्या मातीच्या तीन गोळ्या निघाल्या, एकीत कोळ्याचे पाय अजून दिसत होते. त्या गाडीलाही पंपाची चिठ्ठी मिळालेली होती.

तिसरी जागा ओढीच्या बाजूचे पाइप आणि जोड. इथं बरेच जण फसतात, कारण लोक गळती शोधतात ती खाली पडलेल्या थेंबावरून. टाकीपासून फीड पंपापर्यंत पाइपात दाब नसतो, ओढ असते. तिथं बारीक चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली थेंबही दिसत नाही आणि गाडी मात्र हवा पीत असते. जुने रबरी होज बाहेरून ठीक दिसतात, वाकवले की तडे उघडतात. बँजो बोल्टचे, म्हणजे पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे, तांब्याचे वॉशर दर वेळी तेच वापरले की बसत नाहीत. आणखी एक गोष्ट: आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 चं डिझेल मिळतं, त्यात गंधक फक्त 10 पीपीएम. तुमची गाडी बनली तेव्हाच्या डिझेलात ते कितीतरी जास्त होतं. डिझेलची घडण बदलली की वर्षानुवर्षं जुन्या डिझेलात मुरलेली रबरी सीलं आकसतात आणि कडक होतात. म्हणून इतक्या जुन्या गाडीत सगळे होज आणि सीलं एकदाच नवीन टाकून घ्या असं मी सांगतो. खर्च फार येत नाही.

या तिघांतलं नेमकं कोणतं, हे ओळखायला एक प्रश्न फार उपयोगी पडतो आणि तो कुणी विचारत नाही: त्रास टाकी भरलेली असताना होतो की अर्ध्याखाली आल्यावर? टाकी काठोकाठ भरलेली असताना ब्रीदर बंद असेल तर वर हवेला जागा थोडी, म्हणून ओढ लवकर तयार होते आणि गाडी लवकर दम सोडते. टाकी रिकामी असेल तर तोच त्रास उशिरा येतो. टाकीतल्या ओढपाइपाला वरच्या अंगाला गंजून भोक पडलं असेल तर उलटं: भोक डिझेलमध्ये बुडालेलं असेपर्यंत गाडी छान चालते आणि पातळी भोकाखाली उतरली की हवा ओढायला लागते. गाळाचा त्रास कोणत्याही पातळीला होतो, पण तळाला डिझेल कमी उरलं आणि रस्ता खराब असला की वाढतो. तुमच्या दोन्ही प्रवासांत डिझेल कधी, कुठे भरलं होतं ते आठवून बघा. पेट्रोल पंपाच्या पावत्या ठेवल्या असतील तर फारच छान.

आता तपासणीचा क्रम. मी तो पैशाच्या हिशोबाने लावतो, फुकटचं आधी.

पुढच्या वेळी गाडीने दम सोडला की सुरक्षित जागा बघून थांबा, चाकाला दगड लावा आणि लगेच टाकीचं झाकण सैल करा. फुस्स असा हवा आत शिरल्याचा आवाज आला तर ब्रीदर पकडला गेला. आवाज आला नाही तरी झाकण सैलच ठेवून, वर फडकं बांधून, विश्रांती न देता लगेच तोच चढ चढा. चढली तरी ब्रीदरच. नाही चढली तर गाळ किंवा हवा.

मग पारदर्शक नळी. फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी क्लिप लावून बसवा. इंजिन चालू ठेवून रेस द्या आणि नळीत बघा. सुरुवातीला एखाददुसरा बुडबुडा येतो, तो मोजायचा नाही. सतत मण्यांच्या माळेसारखे बुडबुडे येत राहिले तर ओढीच्या बाजूला हवा शिरतेय, हे नक्की. मग जोड एकेक करून डिझेलने ओले करत जा. ज्या जोडावर डिझेल टाकल्यावर बुडबुडे थांबतात, तो जोड चोर. एक कळकळीची विनंती: त्या जोडाला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचे तंतू सुटून पंपात आणि नोझलमध्ये जातात.

बदललेला जुना फिल्टर फेकला नसेल तर तो आरीने कापा. आतला कागद काळा, बुळबुळीत असेल तर टाकी साफ केल्याशिवाय नवीन फिल्टर घालणं म्हणजे पैसे गटारात टाकणं. कागद स्वच्छ असेल तर गाळ वाटेतच, टाकीच्या जाळीवर किंवा फीड पंपाच्या छोट्या गाळणीवर अडतोय, किंवा भानगड हवेची आहे. टाकीच्या तळाचं थोडं डिझेल काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवा. पाणी असेल तर सकाळी खाली वेगळी रेघ दिसते. प्लास्टिकच्या बाटलीत ती नीट कळत नाही.

इथवर उत्तर मिळालं नाही तर शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात खात्रीचा प्रयोग करा, बाहेरच्या कॅनवर गाडी चालवण्याचा. दहा लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्या. टाकीकडून येणारा पाइप फीड पंपापासून सोडा आणि त्या जागी कॅनमधून येणारी नवीन नळी जोडा. रिटर्नची नळीसुद्धा कॅनमध्येच सोडा. हे विसरलात तर कॅनमधलं डिझेल टाकीत जाऊन जमा होईल आणि मधेच गाडी बंद पडेल. कॅन पट्ट्याने घट्ट बांधा, इंजिनाच्या गरम भागापासून लांब ठेवा आणि शेजारी एक जाणता माणूस बसवा. तुमच्या गाडीत गॅसची टाकी आहे, तेव्हा प्रयोगाच्या दिवशी ती घरीच उतरवून ठेवा. आई-वडिलांनाही घेऊन जाऊ नका. मग तोच रस्ता, तितकाच वेळ, तोच घाट. गाडी नेहमी पाऊण तासाने अडते, म्हणून गल्लीत दोन फेऱ्या मारून काही कळणार नाही. कॅनवर गाडी मुकाट घाट चढली तर पंप, नोझल, इंजिन सगळे निर्दोष सुटले. टाकी उतरवा, धुवा, जाळी आणि ओढपाइप बघा, होज बदला आणि काम संपवा. कॅनवरही तीच तक्रार आली तर फीड पंपाकडे वळा. त्याचा बाहेरचा पाइप सोडून स्टार्टर मारला की डिझेलची जोरदार पिचकारी यायला हवी. नुसतं ओघळत असेल तर त्याच्या आतल्या वॉल्व्हची किट टाका.

तुमची सकाळची तक्रार मी वेगळी धरलेली नाही, कारण ती बहुधा याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. रात्रभरात कुठल्यातरी सैल जोडातून हवा शिरते आणि पाइपातलं डिझेल मागे टाकीत उतरतं. सकाळी ते पुन्हा वर येईपर्यंत स्टार्टर फिरत राहतो. तपासायला सोपं आहे. उद्या सकाळी किल्ली फिरवण्याआधी फीड पंपावरचा हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल ओढायचा दट्ट्या, कडक होईपर्यंत मारा, मग हीटर देऊन स्टार्ट करा. एका झटक्यात सुरू झाली तर घाटातला आणि सकाळचा, दोन्ही त्रासांचं मूळ ओढीच्या बाजूला आहे असं समजायला हरकत नाही. फरक पडला नाही तर हीटर प्लग बघा. प्रत्येक प्लगची वायर सोडा आणि बॅटरीच्या प्लसपासून टेस्ट लॅम्प त्याच्या टोकाला लावा. लॅम्प लागला तर तार शाबूत, नाही लागला तर प्लग मेला. प्री-चेंबरच्या इंजिनाला आपल्या लातूर-बीडच्या थंडीतसुद्धा हीटर लागतो, "इथं कुठं काश्मीर आहे" म्हणून दोन मेलेल्या प्लगांवर वर्षानुवर्षं चालवू नका. स्टार्टर आणि बॅटरी फुकट मरतात.

त्याच बैठकीत टॅपेट, म्हणजे वॉल्व्हच्या डोक्यावरची फट, बघून घ्या. ओएम 616 ला ते हाताने सेट करावे लागतात, इंजिन थंड असताना इनटेक 0.10 मिलिमीटर आणि एक्झॉस्ट 0.30 मिलिमीटर. वॉल्व्ह सीटमध्ये बसत गेले की ही फट कमी होत जाते, वॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि थंड इंजिनात कॉम्प्रेशन निसटतं. अशा कित्येक गाड्या "रिंगा गेल्या" म्हणून उघडल्या जातात. फीलर गेज आणि तासाभराच्या कामाने कळणारी गोष्ट आहे, ती आधी बघितलीच पाहिजे.

आता डिझेलशी संबंध नसलेली, पण हुबेहूब तशीच लक्षणं दाखवणारी काही कारणं. त्यातलं पहिलं म्हणजे ब्रेक धरणं. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत व्हील सिलिंडर चिकटतात, जुना ब्रेक होज आतून सुजतो. चालता चालता ब्रेक तापून धरतो, गाडी जड होते, थांबलं की थंड होऊन सुटतो. म्हणजे थांबल्यावर बरी होण्याचं हेही एक कारण आहे. दम सोडल्यावर थांबाल तेव्हा हाताची पाठ चारही चाकांजवळ नेऊन बघा, ड्रमला टेकवू नका, भाजेल. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा भट्टीसारखं लागलं तर ब्रेकवाल्याकडे जा. घाटाच्या गाडीत ब्रेकची हयगय नको, हे इंजिनाच्याही आधीचं काम आहे.

दुसरं म्हणजे पेडल. आत जाड मॅट, कार्पेट, खाली प्लाय, यामुळे पेडल पूर्ण खाली जातच नाही. एकाने पेडल तळापर्यंत दाबावं आणि दुसऱ्याने पंपावरचा लिव्हर पूर्ण स्टॉपला टेकतो का ते बघावं. दोन मिनिटांचं काम.

वजनाचंही तसंच. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, त्यावर पलंग, ओटा, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, सामान, माणसं. पूर्ण भरलेली गाडी मोंढ्यातल्या, जिनिंगच्या किंवा साखर कारखान्याजवळच्या वजनकाट्यावर घाला आणि आरसी बुकावरच्या लेडन वेटशी पावती ताडून बघा. जास्त भरलं तर इंजिनावर आळ घेण्यात अर्थ नाही. पाणी मुक्कामाच्या गावात भरा, घाट पाण्याची टाकी रिकामी ठेवून चढा.

आणि एअर फिल्टर. हवा अडली तर काळा धूर दिसायला हवा, तो तुमच्याकडे नाही, म्हणून हा माझा पहिला संशय नाही. तरी परळीच्या रस्त्याला औष्णिक केंद्राच्या राखेचे टिप्पर चालतात, ती राख मैद्याहून बारीक असते. फिल्टर काढून उन्हाकडे धरून बघून घ्या.

काट्याचं आता. घाटात काटा थोडा वर जाणं साहजिक आहे, आणि ताकद कमी होण्याचं हे मूळ कारण मला वाटत नाही. तरीही दुर्लक्ष करू नका, कारण हेड गेलं तर खरंच मोठा खर्च येईल. रेडिएटरच्या पुढून टॉर्च मारून बघा. ऊसतोडीच्या हंगामात पाचटाचा भुसा आणि जिनिंगच्या दिवसांत कापसाचे पुंजके रेडिएटरच्या जाळीत नमद्यासारखे बसतात. आतल्या बाजूने मागून पुढे, हलक्या प्रेशरने धुवा. आतून म्हणाल तर आपल्या भागातल्या बोअरचं पाणी क्षाराचं. ते रेडिएटरमध्ये घातलं की नळ्यांत पांढरा थर चढतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच घाला. गाडी गरम झाल्यावर फॅन बंद असताना रेडिएटरवर हात फिरवा, मधे थंड पट्टा लागला तर तेवढ्या नळ्या चोक आहेत. कुणी थर्मोस्टॅट काढून टाकायला सांगेल, ऐकू नका. या इंजिनात तो काढला की बायपासची वाट उघडी राहते, बरंच पाणी रेडिएटरला न जाताच फिरतं आणि घाटात उलट जास्त तापतं.

एवढं सगळं करूनही चढाला ताकद नसेल, तर मग इंजिनाची पाळी. इंजिन गरम, आयडलवर असताना ऑइल भरायचं झाकण उघडून उलटं ठेवा. थोडी वाफ येणं चालतं. झाकण उडायला लागलं, धूर भकाभका आला, तर रिंगांमधून गॅस खाली येतोय. नंतर एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा आटा सैल करून आवाज ऐका. ज्या नटावर आवाज बदलत नाही, त्या सिलिंडरमध्ये भानगड. हे करताना हात आणि डोळे फवाऱ्यासमोर आणायचे नाहीत, पाइपातलं डिझेल कातडीत घुसू शकतं. त्यानंतर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजने मोजून घ्या आणि आकडे लिहून मागा. एकाचा आकडा बाकी तिघांपेक्षा बराच खाली असेल तर हेड उघडण्यात अर्थ आहे. चारही जवळजवळ सारखे आणि ठीक असतील तर हाफ इंजिन सांगणाऱ्याला ते आकडे दाखवा. नोझल काढलीच तर टेस्टिंगला द्या, प्रत्येकाचं प्रेशर आणि फवारा समोर उभं राहून बघा, आणि बसवताना खालचे वॉशर नवीन घाला. पंप उघडण्याचा निर्णय या सगळ्यानंतरचा.

तुमच्या जागी मी असतो तर या रविवारी सकाळी प्रायमर मारून स्टार्ट करून बघितलं असतं, झाकण आणि ब्रीदरची नळी काढून फुंकून बघितली असती, आणि बरणीत डिझेल काढून ठेवलं असतं. मग एका मोकळ्या दिवशी रिकाम्या गाडीने कॅनवर परळी-अंबाजोगाई. टाकी उतरवायची वेळ आली तर वर ठोकलेलं प्लाय आणि पाण्याच्या टाकीचे पाइप आड येतील, म्हणून आतलं काम ज्याने केलंय त्या सुतारालाही सोबत घ्या. टाकी धुऊन झाल्यावर उभ्या गाडीत ती यापुढे भरलेलीच ठेवा, ब्रीदरच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, आणि निदान पंधरवड्याला एकदा गाडी पूर्ण गरम होईपर्यंत रस्त्यावर फिरवा. नुसती दारात चालू करून बंद करू नका.

प्रायमर मारल्यावर सकाळी किती वेळात सुरू झाली, पारदर्शक नळीत बुडबुडे होते का, कॅनवर घाट कोणत्या गिअरवर चढला आणि काट्यावर वजन किती भरलं, एवढी चार उत्तरं कळवा. पंपाला हात लावायचा की नाही, ते त्यावरून सांगता येईल.